मडावी सरांचं नाव भिंतीवर का नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं झाली संसाराला, माझ्या घोरण्यापासून कवळीपर्यंत तिला सगळं ठाऊक आहे — हे सोडून. क्लबात कुणाला माहीत नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःलासुद्धा नीट सांगत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर नसतं सांगितलं, एवढं आधीच बोलून टाकतो. म्हणजे हा माणूस फार धीराचा आहे असा तुमचा गैरसमज नको.

कुठून सुरू करू? भिंतीपासून करतो. भिंत सोपी आहे.

चंद्रपूरच्या बाहेर, खाणीच्या वसाहतीला लागून आमचं मैदान आहे. माती म्हणायची, पण निम्मी कोळशाची धूळ. तासभर फुटबॉल खेळून नाक शिंकरलं की रुमाल काळा. मैदानाच्या कडेला क्लबाच्या दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, आणि मैदानाकडे तोंड करून असलेली ती भिंत. दरवर्षी हिवाळ्यातल्या टूर्नामेंटच्या आधी तिला चुना लागतो. त्यावर लाल ऑइलपेंटने नावं आहेत — क्लबाच्या मोठ्या खेळाडूंची, कोचांची. मोजकीच. चुना मारणारा नावांच्या भोवतीनं कुंचला फिरवतो, अक्षरावर थेंब पडू देत नाही. प्रत्येक नावाखाली त्या माणसाच्या पायाचा लाल ठसा आहे. खेळाडू असो की कोच, पाय रंगात बुडवायचा आणि भिंतीला लावायचा. म्हातारे असतात, दोघे जण धरतात, तोल जातो, सगळे हसतात. मग त्याच्या हाती शिट्टी देतात आणि तो टूर्नामेंटची पहिली शिट्टी वाजवतो. त्या वेळी सगळं मैदान उठून उभं राहतं. चने-फुटाणेवालेसुद्धा.

नाव लागायला दोन अटी. क्लब काढणाऱ्या जुन्या लोकांनी घातलेल्या. एक — माणूस जिता पाहिजे. मेल्यावर हार घालणारे गावभर मिळतात, असं ते म्हणत. दुसरी अट म्हणजे चेंडू फिरवणं. त्या माणसाबरोबर खेळलेले, त्याच्या हाताखाली शिकलेले जेवढे हयात आहेत तेवढे सगळे जमिनीवर ओळीनं बसतात. खुर्ची कुणालाच नाही. चेंडू पहिल्याच्या मांडीवर देतात. त्यानं ‘हो’ म्हणायचं आणि पुढच्याला द्यायचा. एकानं जरी चेंडू खाली ठेवला तर संपलं, त्या वर्षी नाव नाही. आणि का, हे कुणी विचारायचं नाही. मैदानात एकत्र घाम गाळलेल्या माणसांना एकमेकांचं खरं माहीत असतं, बाकीच्यांनी त्यात पडू नये — अशी त्यामागची समजूत.

एकत्र घाम गाळलेल्या माणसांना एकमेकांचं खरं माहीत असतं! काय बोलू आता यावर?

माझं नाव आहे त्या भिंतीवर. अशोक वाळके. खाली डाव्या पायाचा ठसा, कारण मी डाव्या पायाचा. माझ्या वेळी चेंडू फिरला तेव्हा सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. बंडूनं तर असं ओरडून म्हटलं की छपरावरची कबुतरं उडाली. बंडू म्हणजे आमच्या संघातला राखीव, आता ऑटो चालवतो. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे. सांगायचं टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

मडावी सरांचं नाव मात्र नाही.

सर आलापल्लीचे. तिथल्या सागवानाच्या लाकूड डेपोत कारकून होते. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं चंद्रपूरला यायचे, क्लबाच्या खोलीत सतरंजीवर झोपायचे, रविवारी दिवसभर आम्हाला पिदडायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. किती तासांचा तो खडखडाट, जंगलातून, आष्टी, गोंडपिपरी करत! कशासाठी? आमच्यासारख्या टग्या पोट्ट्यांसाठी. येताना सागाच्या खुंट्यांचा भारा आणायचे. त्या मैदानात रोवायचे आणि त्यांच्यामधून चेंडू काढायला लावायचे. खुंटीला चेंडू लागला की ‘झाड तोडलं!’ म्हणून ओरडायचे आणि मैदानाला एक फेरी. मला अनवाणी खेळणारा पोरगा म्हणून वसाहतीतून त्यांनीच उचललं. पहिले बूट त्यांनीच आणून दिले. ‘अशोक, तुया डावा पाय देवानं देल्ला, उजवा मी देतो’ — असं म्हणून महिनाभर मला नुसत्या उजव्या पायानं खेळवलं.

मग असा माणूस भिंतीवर का नाही? क्लबात कोणालाही विचारा, अगदी काल आलेल्या पोराला. तो सांगेल — मडावी सर फायनलच्या दिवशी आलेच नाहीत. संघाला वाऱ्यावर सोडलं. बायको बाळंतपणात अडली होती म्हणतात, पण मग निरोप तरी पाठवायचा. एसटी होती ना? कंडक्टरच्या हाती एक चिठ्ठी द्यायची. आमच्याकडे औषधं जातात, जेवणाचे डबे जातात, नवरीचा शालूसुद्धा कंडक्टरच्या हाती जातो. ज्याला निरोप द्यायचाय तो देतोच. सरांनी दिला नाही. म्हणजे त्यांना पर्वा नव्हती.

असं सांगतात. हे सांगणारी पहिली तोंडं माझ्या संघातली होती. आणि मी? मी तिथेच असायचो, मूग गिळून.

बरं. आता बस स्टँडवर जाऊ या. फार लांबवलं.

फायनलचा दिवस होता. मी एकवीस वर्षांचा. माझा उजवा गुडघा आदल्या आठवड्यात सुजून नारळाएवढा झालेला. मी तो गरम पाण्यानं शेकत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो, काही नाही, उतरला. सर त्या खेपेला शनिवारऐवजी थेट फायनलच्या सकाळी येणार होते. त्यांना घ्यायला मी स्टँडवर गेलो, ते माझंच काम असायचं. आलापल्लीची गाडी आली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, सर उतरले नाहीत. शेवटी कंडक्टर खाली आला, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाला, ‘फुटबॉलवाले वाळके तुमीच न? मडावी सायबानं देल्लाय. तुमच्याच हाती द्या म्हने.’

हो. चिठ्ठी आली होती.

लिहिलं एकदाचं. अडतीस वर्षं हे वाक्य गिळत होतो, आणि लिहिताना साधं वाक्यच निघालं.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली, घाईची. बायकोची तब्येत बिघडली आहे, डेपोच्या जीपनं अहेरीच्या दवाखान्यात नेतोय, येऊ शकत नाही. खाली अकरा नावं. माझ्या जागी बंडू. आणि सगळ्यात खाली माझ्यासाठी दोन ओळी, त्या अजून पाठ आहेत — ‘अशोक, तू रागावशील. पण एका मॅचसाठी पाय घालवू नको. सगळ्यांना वाचून दाखव.’

मी रागावलो का? रागावलो तर. त्या दिवशी खाणीचे साहेब मॅच पाहायला येणार होते. खाणीच्या संघाला डावीकडून खेळणारा माणूस हवा होता, हे वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खेळलो तर नोकरी, नाही खेळलो तर बापासारखी रोजंदारी. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय. आणि ते काम व्हायला मिनिटभरही लागलं नाही. स्टँडवर चहाची टपरी होती, तिची भट्टी पेटलेली. मी चहा सांगितला. कागदाची घडी केली आणि भट्टीच्या तोंडात सरकवली. टपरीवाल्यानं पाहिलंसुद्धा. त्याला काय त्याचं? चहा पिऊन मी मैदानावर गेलो आणि म्हणालो, ‘सर नाई आले. निरोप पन नाई.’

एवढंच बोललो. सात शब्द पण नाहीत.

सगळे हादरले. बंडू सगळ्यात जास्त. त्याच्या कानात सरांनी आदल्या रविवारी सांगितलं होतं, तयार राहा, अशोकच्या गुडघ्याचा भरवसा नाही, फायनलमध्ये तुला उतरवीन. तो नवी पट्टी बांधून आला होता पायाला. कॅप्टननं मला विचारलं, गुडघा? मी दोन उड्या मारून दाखवल्या. बंडू बाहेर बसला. मॅच आम्ही एका गोलनं जिंकली, आणि तो गोल माझा. डाव्या पायाचा. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. महिन्याभरात खाणीतून कागद आला, आणि गेल्या वर्षी मी त्या नोकरीतून निवृत्त झालो. गुडघा कायमचा गेला. अजून लंगडतो. लोक आदरानं पोरांना दाखवतात — ‘पाह्य बे, फायनलचा गुडघा!’

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. साफ खोटं. राहतं. नीट झाकलं तर जन्मभर राहतं.

पण थांबा, अजून वाईट आहे. सर परत आले होते. म्हणजे नोकरीचा कागद हातात पडल्यावर, पुढच्याच रविवारी. मुलगी झाली होती, बायको वाचली होती, म्हणून पेढे घेऊन आले. कोणी पेढा घेईना. कॅप्टन म्हणाला, ‘सर, येता नाई आलं, ठीक हाये. पन निरोप तं पाठवाचा न? आमी काय मेलो होतो का?’ सर चमकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधलेली नाडी सोडून परत बांधत होतो.

तुम्हाला वाटेल, आता सर बोलले असतील. कुणीही बोललं असतं. मी असतो तर ओरडलो असतो. सर म्हणाले, ‘चुकलं माझं.’

मग सायकलींपाशी मला एकट्याला गाठलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी विचारलं, ‘नोकरीचा कागद आला म्हनते?’

‘आला, सर.’

‘मंग रुजू हो. अन् गुडघा दाखव कोनाले तरी.’

बस. पेढ्यांचा पुडा माझ्या हँडलला अडकवला आणि स्टँडकडे चालत गेले. परत कधी मैदानावर आले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मला त्याच क्षणी समजलं होतं. नंतर समजलं, वयानं शहाणपण आलं, असलं काही नाही. मी पेढे घरी नेले. आईनं वाटले. म्हणाली, पोराच्या नोकरीचे.

कायम झालो तेव्हा सांगायला काय हरकत होती? लग्न झालं तेव्हा? भिंतीवर पाय उमटवला तेव्हा? कोण माझी नोकरी काढून घेणार होतं? कोणी नाही. नुसतं तोंड काळं झालं असतं, आणि तेवढंही मला नको होतं.

आता मागच्या दिवाळीनंतरचं. सरांची मुलगी घरी आली. सुनंदा. आरोग्य केंद्रात नर्स आहे. त्या दिवशी जन्मलेली तीच, आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. मला म्हणाली, ‘अशोकभाऊ, बाबाले लकवा मारला. बोलता येत नाई, पन समजते सगळं. तुमचं नाव घेतलं का डोळे हालवते. भिंतीवर नाव लागलं तं... मी गाडीत झोपवून आनीन त्याहिले. पाय तं मीच धरीन.’ चहा तिनं घेतला नाही, घाईत होती. माझी बायको पदराला डोळे पुसत म्हणाली, एवढं करा हो. मी म्हटलं, करतो.

केलंही! सरांचं नाव मीच सुचवलं. क्लबात कोणीतरी म्हणालं, अशोकभाऊचं मन मोठं हाये. मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेताना मान खाली घातली, नम्रपणे. अशा वेळी मला सगळं जमतं.

सरांच्या हाताखाली खेळलेले आम्ही सातच जण उरलोय. सात म्हातारे जमिनीवर बसलो, गुडघे कटाकट वाजवत. चेंडू फिरला. हो. हो. हो. माझ्या मांडीवर आला. ‘हो,’ मी म्हटलं, खणखणीत. आणि बंडूकडे दिला.

बंडूनं तो दोन्ही हातांनी धरला. गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा थांबला. का ते बोलायचं नसतं, पण तो बोलला. ‘मले सांगतलं होतं सरानं, तू खेळशीन म्हनून. म्या घरी माय-बापाले बलावलं होतं मॅच पाह्याले. बाप माया बाहेर बसलेला पाहून गेला मले. एक चिठ्ठी नाई पाठवू शकला हा मानूस? एक? अडतीस वर्सं झाले, मी रोज त्या स्टँडवर ऑटो लावतो. रोज आलापल्लीची गाडी पाहातो. मायाकडून नाई होत, भाऊ.’ आणि त्यानं चेंडू खाली ठेवला. ठेवताना रडत होता तो.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ‘अशोकभाऊ, तुमीच काई सांगा न बंडूले. तुमचं आयकते तो.’

सांगायचं काय होतं? एकच. चिठ्ठी आली होती, बंडू, आणि तिच्यात तुझं नाव होतं. सरांनी तुला निवडलं होतं. त्या एका वाक्यात सरांना भिंत मिळाली असती आणि बंडूला सर. दोन माणसं सुटली असती. बुडलो असतो मी एकटा, तेही साठाव्या वर्षी, पेन्शन चालू असताना.

मी म्हणालो, ‘नियम म्हंजे नियम. चेंडू खाली ठेवला, विषय संपला.’

सर मोहफुलं पडायच्या दिवसांत गेले. सुनंदाचा फोन आला. ‘भाऊ, तुमी हो म्हनलं ते मी बाबाले सांगतलं होतं. अर्ध्या तोंडानं हासले बाप्पा! किती दिवसांनी हासले.’ ती माझे आभार मानत होती. त्यांना कळलं असणार. मी ‘हो’ म्हटलं आणि तरी नाव लागलं नाही, म्हणजे चेंडू कोणापाशी अडला आणि मी काय बोललो नाही, हे सरांना कळायला जीभ लागत नव्हती. तरी हसले.

मी आलापल्लीला भेटायला गेलो. ठरवून गेलो होतो. गाडीत अख्ख्या रस्त्यानं पाठ करत होतो — सुनंदाबाई, तुमच्या बाबांनी चिठ्ठी पाठवली होती. आता भिंत नाही तर नाही, मुलीला तरी खरं कळू दे. घरात गर्दी ओसरलेली. ओसरीवर सरांची चप्पल तशीच होती. सुनंदानं पाणी दिलं, समोर बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं.

‘भाऊ, एक विचारू? मनात राहून गेलं हाये. आई मरेपर्यंत सांगे, जीपीत बसाच्या आधी बाबानं कंडक्टरले चिठ्ठी देल्ली म्हनून. म्या माया डोळ्यानं पाह्यलं म्हने. बाबाले विचारलं तं ते काईच बोलत नसे. तुमी तं स्टँडवर होते न त्या दिवशी? खरंच नाई भेटली?’

दार उघडून तिनं मला आत बोलावलं होतं. यापेक्षा सोपं कोणी काय करून देईल?

मी म्हणालो, ‘नाई बाई. भेटली असती तं वाचून दाखवली नसती का मी? तुमची आई तवा कुठी शुद्धीवर होती? अडलेली बाई... भास झाला असन.’

तिनं मान हलवली. ‘हो. असन तसंच.’ आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

तिची आई शुद्धीवर होती. तिनं पाहिलं ते खरं होतं. त्या घरात ही एकच गोष्ट सरांच्या बाजूनं बोलणारी उरली होती, ती मी त्या दिवशी त्यांच्या मुलीच्या मनातून काढून टाकली. चहा घेतला. साखर जास्त झाली होती, तरी सगळा प्यालो, आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.